अमर्षाची कथा : स्त्रीकेंद्री सूडनाट्याचे आवाहन

१

सूडकथा म्हटले की रंजनपर वाङ्मयाचा एक ठरीव साचा डोळ्यांसमोर येतो. जिच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती अन्याय करणाऱ्याला अखेरीस धुळीस मिळवते. प्रेक्षक समाधानाने उठतो. या आवाहनात उलगडून सांगण्यासारखे काही आहे असे अभ्यासकाला सहसा वाटत नाही. ते तसे आहे, आणि त्याचा उलगडा करू जाता एक नैतिक प्रश्न अटळपणे पुढे येतो, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

विचाराला निमित्त आहे ते स्त्री नायिका असलेल्या चिनी ऐतिहासिक सूडमालिकांचे. गेल्या दशकभरात या मालिका हिंदी ध्वन्यारोपणासह किंवा इंग्रजी उपशीर्षकांसह मोबाइलच्या पडद्यावरून आपल्याकडे पोचल्या. त्यांच्यातील राजवंश, पदव्या, वेशभूषा यांपैकी काहीही मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचे नाही. तरीही कथेत शिरायला त्याला अडचण पडत नाही. हा प्रेक्षक पुण्यामुंबईचाच असेल असे नाही. या लेखापुरता तो लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात बसला आहे असे मी धरतो. ही निवड सहेतुक आहे. ज्या प्रदेशातील मोठ्या आपत्तींना चेहरा नाही, तेथे बसलेल्या माणसाला चेहरा असलेल्या अपराधाची कथा नेमके काय देते, हा प्रश्न तेथून अधिक स्पष्टपणे विचारता येतो.

या आवाहनाची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले इच्छापूर्तीचे : प्रत्यक्षात जे साधत नाही ते कल्पनेत साधून घेणे. दुसरे सबलीकरणाचे : पुरुषप्रधान व्यवस्थेत स्त्री जिंकते, म्हणून स्त्रीप्रेक्षकाला बळ मिळते. दोन्हींत तथ्यांश आहे. पण दोन्ही अपुरी आहेत. केवळ इच्छापूर्तीच हवी असती तर शिक्षेचा प्रसंग लवकर यायला हवा होता. प्रत्यक्षात चाळीस, पन्नास, सत्तर भाग नायिका अपमान गिळत राहते आणि प्रेक्षक तिच्याबरोबर थांबतो. सबलीकरणाचे स्पष्टीकरण शेवटाशी अडखळते. ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’ या मालिकेची नायिका कथेच्या अखेरीस सम्राटाच्या अंतःपुरातील एका उच्च पदावर पोचते. अंतःपुराची व्यवस्था मात्र जशीच्या तशी उभी राहते. व्यवस्था न बदलताही कथा समाधान देत असेल, तर त्या समाधानाचे मूळ अन्यत्र शोधले पाहिजे.

२

तीन मालिकांचा कथाबंध येथे थोडक्यात पाहू. २०१६ ची ‘द प्रिन्सेस वेईयंग’ उत्तर वेई राज्याच्या काळात घडते. कुटुंबाची कत्तल झालेली एक राजकन्या, तिला आश्रय देणाऱ्या आणि स्वतः मारल्या गेलेल्या ली वेईयंग या मुलीचे नाव धारण करते आणि त्या नावाने शत्रूच्या घरात प्रवेश करते. २०१८ ची ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’ ही सत्तर भागांची मालिका छिंग घराण्याच्या छ्येनलुंग सम्राटाच्या राजवाड्यात घडते. वेई यिंगलुओ राजवाड्याच्या भरतकामाच्या खात्यात दासी म्हणून दाखल होते, कारण तिच्या बहिणीचा मृत्यू त्या भिंतींच्या आत झालेला आहे आणि तो कसा झाला हे कोणी सांगत नाही. २०२४ च्या ‘द डबल’मध्ये श्वे फांगफेईला तिचा पतीच जिवंत पुरतो. ती वाचते, ते च्यांग ली या घराने टाकून दिलेल्या मुलीमुळे. आणि ती मुलगी मरण पावल्यावर श्वे फांगफेई तिचे नाव घेऊन राजधानीत परतते.

या तिन्हींत दोन गोष्टी समान आहेत. पहिली अशी की, कथेच्या आरंभी सूड नसतो, प्रश्न असतो. माझ्या बहिणीला कोणी मारले? माझ्या माणसांवर खोटा आरोप कोणी रचला? मला मातीखाली का ढकलले गेले? नायिका हा प्रश्न प्रथम ज्यांनी उत्तर द्यायला हवे त्यांच्यापुढे ठेवते किंवा ठेवू पाहते. घरातील वडीलधारे, अधिकारी, पती, दरबार यांपैकी कोणीही उत्तर देत नाही. उत्तर नाकारले जाते तेव्हाच प्रश्न आपले रूप पालटतो आणि सूड होतो.

दुसरी गोष्ट नावाची. तिघींपैकी दोघी दुसऱ्या, मृत मुलीच्या नावाने जगतात. कथानकाच्या दृष्टीने ही वेषांतराची जुनी क्लृप्ती आहे. नैतिक दृष्ट्या मात्र तिचा अर्थ वेगळा होतो. परक्या नावात राहणारी नायिका केवळ स्वतःचा हिशेब मागू शकत नाही. जिचे नाव तिने घेतले तिचाही हिशेब तिच्यावर येऊन पडतो. च्यांग लीवर लहानपणीच आळ आलेला होता आणि तो खोटा होता. श्वे फांगफेईला स्वतःची कैफियत मांडण्यापूर्वी या दुसरीची कैफियत चालवावी लागते. यिंगलुओ स्वतःच्याच नावाने वावरते, पण तिच्याही मुखातला प्रश्न मेलेल्या बहिणीचा आहे. अशा रीतीने वैयक्तिक वैराची कथा ही मूक झालेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी साक्षीची कथा बनते. प्रेक्षकाची सहानुभूती जडते ती या साक्षीदाराशी. मारेकरी म्हणून नायिका त्याच्या मनात नंतर येते.

३

या मालिकांतील भावाला आपल्या काव्यशास्त्रात काय नाव आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते : सूड म्हणजे क्रोध, आणि क्रोध हा रौद्राचा स्थायिभाव. परंतु भरताने रौद्राचे जे वर्णन केले आहे ते येथे लागू पडत नाही. रौद्राचा आश्रय राक्षस, दानव आणि उद्धत मनुष्य. त्याचे क्षेत्र संग्राम. त्याची कृती ताडन, छेदन, प्रहार. रौद्र हा मुळात बळ असलेल्याचा क्रोध आहे. भरतकामाच्या खात्यात मान खाली घालून सुई ओढणाऱ्या दासीला तो परवडणारा नाही.

नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात तेहेतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. त्यांत अमर्ष नावाचा एक भाव येतो. विद्या, ऐश्वर्य, शौर्य, बळ यांनी आपल्याहून वरचढ असलेल्यांकडून ज्याचा अधिक्षेप किंवा अवमान झाला, त्याच्या ठिकाणी अमर्ष उत्पन्न होतो, असे भरताचे म्हणणे. या अवमानाचे स्थळ म्हणून तो सभेचाही निर्देश करतो, आणि अमर्षाचा संबंध उत्साहाशी जोडतो. त्याचे अनुभाव पाहिले तर नवल वाटते. डोके हलणे, घाम येणे यांच्या जोडीला खाली मान घालून विचार करणे, ध्यान, निश्चय, उपाय आणि साहाय्य यांचा शोध अशी ती यादी आहे. मान खाली आहे, मन निश्चयाने भरलेले आहे, नजर उपाय आणि सोबती शोधते आहे : चिनी सूडनायिकेचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही.

परंपरेत अमर्ष हा व्यभिचारी आहे. येतो आणि जातो. मुख्य भावाला पुष्ट करून विरून जाणे हे त्याचे काम. या मालिकांनी जे केले ते असे की हा येता-जाता भाव त्यांनी सत्तर-सत्तर भाग मुक्कामाला ठेवला. व्यभिचारी भावाला स्थायीच्या जागी बसवणे शास्त्राच्या दृष्टीने अनियमित असेल. पण ज्या माणसाला आयुष्यभर अमर्ष गिळूनच वावरावे लागते त्याच्या लेखी तो क्षणिक भाव नसतोच. भाव किती काळ टिकतो हे मनाच्या रचनेवर जितके अवलंबून असते तितकेच सभेतील आसनांच्या रचनेवरही असते. बळवंताचा अमर्ष लगेच क्रोधात पालटून संपतो. दुर्बलाचा संपत नाही.

अॅरिस्टॉटलने आपल्या ‘ऱ्हेटरिक’मध्ये क्रोधाचा विचार करताना म्हटले आहे की क्रोध ही पीडायुक्त इच्छा असली तरी परतफेडीच्या अपेक्षेमुळे तिला एक सुखही चिकटलेले असते. हे सुख अपेक्षेचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे मालिकांच्या लांबीचे कोडे सुटते. भागामागून भाग चाललेली प्रतीक्षा हाच येथे आस्वादाचा विषय असतो.

४

नाट्यशास्त्र आणि महाभारत ही दोन्ही ज्यांच्या व्यासंगाची क्षेत्रे होती ते नरहर कुरुंदकर याच विभागातले, नांदेडचे. त्यामुळे मराठवाड्यातील अभ्यासकाला ‘सभेत अवमान’ हे शब्द वाचून द्रौपदीची आठवण होणे स्वाभाविक आहे. द्यूतसभेत द्रौपदी रडण्यापूर्वी प्रश्न विचारते. युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावून गमावले की मला? जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून उत्तर टाळतात. विकर्ण बोलतो, पण तो वयाने लहान म्हणून त्याला गप्प केले जाते. सभा उत्तर देत नाही, आणि या न दिलेल्या उत्तरातूनच पुढच्या युद्धाचा एक मोठा प्रवाह निघतो.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रश्नाविषयी कठोर मत मांडले आहे. कायद्याचा कीस काढणारा हा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची मोठी चूक होती, त्याचे कोणतेही उत्तर तिला आणि धर्माला सारखेच अडचणीचे होते, सभ्यतेची दाद मागणे अधिक उचित ठरले असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. इरावतीबाईंच्या विवेचनातील धार मान्य करूनही येथे मतभेद नोंदवावासा वाटतो. दया मागणारी स्त्री सभेचा अधिकार मान्य करते. प्रश्न विचारणारी स्त्री सभेला तिच्याच नियमांनी बांधू पाहते. द्रौपदीचा प्रश्न अडचणीचा होता हे खरेच, परंतु ती अडचण सभेची होती. ज्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही म्हणून सभा मौन धरते, त्या प्रश्नाला चूक म्हणणे म्हणजे सभेचे मौन क्षम्य ठरवणे होय.

विराटपर्वात हीच घटना पुन्हा, अधिक बोचऱ्या रूपात घडते. द्रौपदी आता सैरंध्री आहे. तिनेही दुसरे नाव घेतले आहे. कीचक तिला भर दरबारात लाथ मारतो. ती राजा विराटाला जाब विचारते. विराट टाळाटाळ करतो, आणि कंकाच्या वेषातील युधिष्ठिर, तिचाच पती, तिला नटीसारखी रडून खेळात व्यत्यय आणू नकोस अशा अर्थाचे सुनावतो. त्या रात्री ती भीमाकडे पाकशाळेत जाते. दरबारात प्रश्न हरल्यावर ती पाकशाळेत उपाय आणि साहाय्य शोधते; भरताने सांगितलेला अमर्ष येथे पावलांनी चालताना दिसतो.

याच कथानकावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘कीचकवध’ लिहिले. ते १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे कर्झन, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त, भीम म्हणजे जहाल आणि द्रौपदी म्हणजे भारत हे समीकरण प्रेक्षागृहातील प्रत्येकाला कळत होते, असे व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने ‘इंडियन अनरेस्ट’ या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. मराठी रंगभूमीवर स्त्रीच्या अवमानातून उठलेल्या सूडकथेचे राजकीय सामर्थ्य याहून स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल. पण या यशाची एक किंमत होती. द्रौपदी राष्ट्राची प्रतिमा झाली, तेव्हा तिचा अवमानही राष्ट्राचा अवमान झाला; आणि दरबारात एका दासीने विचारलेला, केवळ तिचा असा प्रश्न त्या प्रतिमेत विरघळून गेला. सूड भीमाने घेतला आणि राजकीय अर्थ पुरुष प्रेक्षकांनी. सैरंध्री मात्र निमित्तापुरती उरली.

हा वारसा अद्याप चालू आहे. छत्रपती राजारामांच्या मृत्यूनंतर, १७०० पासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत म्हणजे १७०७ पर्यंत, ताराबाईंनी मराठ्यांचा लढा चालवला. आपल्या लोकप्रिय ऐतिहासिक कथनांत त्यांचे हे कर्तृत्व स्वराज्याच्या नावाने येते, आणि ते योग्यही आहे. पण पुढील दीर्घ आयुष्यात स्वतःच्या अधिकारासाठी झगडणाऱ्या, सातारच्या गादीवर आणलेल्या रामराजांनाच पुढे कैदेत टाकणाऱ्या ताराबाई या कथनांना अवघड वाटतात. मराठी ऐतिहासिक नायिकेला राष्ट्रासाठी, कुळासाठी, पुत्रासाठी रागावण्याची मुभा आहे. स्वतःसाठी रागावण्याची नाही. चिनी मालिकांतील नायिका स्वतःसाठी आणि दुसऱ्या एका मृत मुलीसाठी रागावते, आणि उपाय स्वतः योजते. मराठी प्रेक्षकाला तिच्यात जे नवे वाटते ते बहुधा हे असावे. सैरंध्री तिला परिचित आहे. भीमावाचूनची सैरंध्री अपरिचित.

येथे एक साम्य नोंदवण्याजोगे आहे. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगमधील अधिकृत वर्तमानपत्रांच्या परिवारातील एका नियतकालिकाने राजवाड्याच्या मालिकांवर ऐषआराम आणि कारस्थाने यांचे उदात्तीकरण केल्याचा ठपका ठेवला, आणि त्यानंतर काही उपग्रह वाहिन्यांवरून ‘यान्शी पॅलेस’ मागे घेतली गेली. १९१० आणि २०१९ येथील सत्ता, कारणे आणि कारवाईचे प्रमाण सर्वस्वी भिन्न आहेत. तरीही दरबारात उत्तर मिळत नाही म्हणून दासी आपला मार्ग शोधते, ही कथा कोणत्याही दरबाराला फार काळ निर्धास्त बसू देत नाही असे दिसते.

५

चिनी परंपरेत या कथेचे एक जुने रूप आहे, आणि ते औशाच्या प्रेक्षकाच्या अधिक जवळचे आहे. युआन काळातील नाटककार ग्वान हानछिंग याचे ‘दोउ अ’वरील अन्यायाचे नाटक तेराव्या शतकातले. दोउ अचा बाप गरीब विद्वान. वीस तोळे रुपे कर्जाऊ घेतले, त्याचे चाळीस झाले. फेडता येईना म्हणून त्याने सात वर्षांची मुलगी सावकार विधवेच्या घरी सून म्हणून दिली. मुलगी मोठी होते, विधवा होते. तिला वश करू पाहणारा गुंड तिच्यावर विषप्रयोगाचा आळ घेतो. न्यायाधीश सासूला फटके मारण्याची धमकी देतो तेव्हा सासूला वाचवण्यासाठी ती न केलेला गुन्हा कबूल करते. वधापूर्वी ती तीन गोष्टी बोलते : माझे रक्त जमिनीवर न सांडता वर टांगलेल्या पांढऱ्या वस्त्रावर उडेल, ऐन उन्हाळ्यात बर्फ पडेल, आणि या मुलखात तीन वर्षे पाऊस पडणार नाही. तिन्ही घडतात. पुढे तिचा बाप वरिष्ठ अधिकारी होऊन येतो आणि तिचा आत्मा त्याच्याकडे जुन्या खटल्याची फेरतपासणी मागतो. आत्मा रक्त मागत नाही. निकाल दुरुस्त करण्याची मागणी करतो.

या नाटकात अवर्षणाला कारण आहे, आणि ते नैतिक आहे. निरपराध स्त्रीला मारले म्हणून आकाश कोरडे झाले. खटला दुरुस्त झाला की पाऊस येईल. कर्ज, विधवा, दुष्काळ हे तिन्ही शब्द औसा तालुक्याच्या दैनंदिन बोलण्यातले आहेत. पण येथे ते एकमेकांना असे अर्थपूर्णपणे जोडलेले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, याच तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या उमरगा तालुक्यातील गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. या मृत्यूंना कोणी अपराधी नव्हता. जड छपरांची, मातीत रचलेल्या दगडांची घरे का बांधली जात होती, हा प्रश्न विचारता येतो, पण त्याचे उत्तर कोणा एकाच्या नावावर येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या तहानेला पीकपद्धती, उपसा, धरणांचे नियोजन, पावसाची लहर अशी अनेक कारणे होती. जेथे कारणे अनेक असतात तेथे अपराधी एक नसतो.

कर्जबाजारी शेतकऱ्याची आत्महत्या हा या मालिकेतील सर्वांत तीव्र प्रसंग होय. त्यानंतर त्याच्या पत्नीला सामोरी जाते ती एक तपासणी. २००६ पासून शासनाने अशा कुटुंबाला एक लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद केली आणि प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवण्याची पद्धत रूढ झाली. जमीन मृताच्या नावावर होती काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, अशा कसोट्या लागतात. जमीन सासऱ्याच्या नावे असेल, कर्ज खाजगी सावकाराचे असेल, तर प्रकरण अपात्र ठरू शकते. ही स्त्री जो प्रश्न घेऊन येते तो ‘याला कोण जबाबदार?’ असा आहे. तिला मिळणारे उत्तर एका शब्दाचे आहे आणि तो शब्द दुसऱ्याच प्रश्नाचा आहे. येथे कोणी खलपुरुष नाही. कागद तपासणारा कर्मचारी नियमाने वागतो आहे, तलाठी नोंदीप्रमाणे उतारा देतो आहे. तरीही सभेत प्रश्न विचारला गेला आणि सभेने तो ऐकला नाही, ही घटना घडतेच.

अशा प्रेक्षकाला सूडनाट्य काय देते, याचे उत्तर आता देता येईल. ते त्याला अपराधाचा पत्ता देते. मालिकेच्या जगात प्रत्येक अश्रूमागे कोणाचा तरी हात असतो, प्रत्येक हाताला नाव असते, आणि पुरेसा धीर धरला तर ते नाव भर दरबारात उच्चारता येते. ज्या जगात दुःखाला पत्ता नाही तेथे राहणाऱ्यासाठी हे फार मोठे दान आहे. प्रेक्षकाला मोहवतो तो शत्रूचा मृत्यू नव्हे. प्रश्नाला उत्तर असू शकते, आणि विचारणारा वेडा नव्हता, ही खात्री त्याला मोहवते.

६

नैतिक प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. प्रत्येक दुःखाला चेहरा असलाच पाहिजे ही मागणी निरागस नाही. मराठवाड्याला तिचे दुसरे रूप चांगले परिचित आहे. जनावर मेले, मूल आजारी पडले, घरात अन्न टिकेना, की भानामती झाली असे म्हणायचे आणि ती करणारी कोणी तरी शोधून काढायची. आणि असा संशय सहजपणे वळतो तो एकट्या, विधवा, बोलण्यात फटकळ अशा एखाद्या बाईकडे. येथेही दुःखाला पत्ता मिळतो. येथेही गावाला समाधान लाभते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या प्रथेविरुद्ध अनेक वर्षे काम केल्यानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा करावा लागला यावरूनच या समाधानाची ओढ किती खोल आहे हे कळते.

म्हणजे अपराध्याचा चेहरा शोधणारी सूडनायिका आणि निरपराध बाईवर चेहरा लादणारा जमाव यांच्या मुळाशी एकच भूक आहे. एवढ्यावरून सूडकथेचा आस्वाद त्याज्य ठरवावा काय? मला तसे वाटत नाही. कारण या प्रकारातील चांगल्या कृतींना हा भेद स्वतःच ठाऊक असतो. दोउ अ ही मुळात खोट्या आळाची बळी आहे. च्यांग लीला तिच्या घराने अशाच आळावरून दूर केलेले असते. ज्या कथेची नायिका स्वतः लादलेल्या चेहऱ्याने पोळलेली आहे, तिला दुसऱ्यावर चेहरा लादण्याची मुभा नसते. म्हणून ती शोधते, पडताळते, साक्षीदार मिळवते, आणि प्रेक्षकालाही थांबायला लावते. मालिकेच्या ज्या लांबीविषयी रसिक तक्रार करतात, तिचे नैतिक समर्थन येथे आहे : ती लांबी पुराव्याची आहे.

यावरून समीक्षेला एक कसोटी मिळते. ज्या सूडकथेत उत्तर आधीच ठरलेले असते आणि प्रश्न केवळ निमित्त असतो, ती भानामतीच्या बाजूची कथा होय. तिची सजावट कितीही भरजरी असली, नायिका कितीही तेजस्वी असली, तरी ती प्रेक्षकाच्या भुकेचा गैरफायदा घेते. ज्या कथेत प्रश्न शेवटपर्यंत प्रश्न राहतो, आणि ‘आपण समजत होतो तो अपराधी नव्हता’ असे निघण्याची शक्यता खुली असते, ती अमर्षाला विवेकाशी जोडते. एकाच मालिकेत दोन्ही प्रकारचे भाग आढळतात. यान्शी राजवाड्यातील बहिणीच्या मृत्यूचा शोध पहिल्या प्रतीचा आहे, कारण यिंगलुओचा पहिला संशय चुकीच्या माणसावर जातो. प्रतिस्पर्धी स्त्रियांना एकामागून एक खाली ओढण्याचे नंतरचे अनेक प्रसंग मात्र केवळ हिशेब चुकते करण्याचे आहेत.

७

राहतो प्रश्न शेवटाचा. उत्तर मिळाल्यावर अमर्षाचे काय होते? महाभारताच्या सौप्तिकपर्वात द्रौपदीची झोपेत असलेली पाचही मुले अश्वत्थामा मारतो. ती प्रायोपवेशनाला बसते. त्याचा प्राण आणि त्याच्या मस्तकावरचा मणी मागते. भीम परततो तो केवळ मणी घेऊन. अश्वत्थामा जिवंत आहे. आपल्याकडे तो आजही कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरतो असे मानले जाते. द्रौपदी मणी स्वीकारते आणि उपोषण सोडते. त्या वेळी ती जे बोलते त्यात सूडाचा शब्द नाही; ती ऋणमुक्तीचा शब्द वापरते. गुरुपुत्र तिला गुरूसमान; तिला हवी होती ती एवढीच फेड.

दोउ अच्या कथेत बापाचे कर्ज मुलीच्या आयुष्यातून वसूल होते. औशाच्या शिवारात नवऱ्याचे कर्ज बायकोच्या माथी येते. आणि द्रौपदी, जिला पणाला लावून कर्जासारखे हरवले गेले, अखेरीस ऋणाच्याच भाषेत आपला हिशेब मिटवते. तिने घेतलेला मणी हा जीव नाही; अपराध घडला, तो या माणसाने केला, आणि हे आता सर्वांसमोर मान्य झाले आहे, याची ती खूण आहे. सूडनाट्याच्या प्रेक्षकाला अखेर हवी असते ती ही खूण. ती कथेतून मिळते तेव्हा आपण तिला रंजन म्हणतो आणि तिच्याविषयी थोडे संकोचून बोलतो. पण तिची मागणी कथेपुरती नाही. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोन शब्दांत जिच्या प्रश्नाचा निकाल लागला, त्या स्त्रीला देण्याजोगा मणी कोणत्या सभेकडे आहे, हे विचारण्याचे काम समीक्षेचे नाही असे म्हणता येईल. तसे म्हणणाऱ्याने भीष्मांचे उत्तर एकदा पुन्हा वाचावे.